मुदत

पहाटे तीनला आई सोयाबीन दळायला बसते,
अजूनही.
वाफेनं दुकानाची काच आंधळी होते
आणि मी तिच्यावर बोटानं आजचा भाव लिहिते.
आईच्या टोफूची मुदत एक दिवस.
संध्याकाळी उरला तर घरी.
उरलेल्यावरच वाढलो आम्ही.

उन-शिल सतराची होती, मी नऊची.
लव्हाळ्यांत सापडली तेव्हा एकाच पायात बूट होता.
दुसरा नदीत नव्हता, बांधावर नव्हता,
पुढे फाइलमध्येही नव्हता.
अकराव्या दिवशी पोलिसांना प्यो चांग-ग्यू मिळाला,
सायकलींची पंक्चर काढणारा, बोलताना अडखळणारा,
ज्याच्यामागे एक बहीण, तीही दूरच्या गिरणीत.
तीन रात्री.
चौथ्या सकाळी चार पानी कबुली,
काना-मात्रेची चूक नाही;
आणि दुकानाच्या पाटीवर त्यानं
स्वतःचं नाव चुकवलं होतं, साऱ्या गावाला ठाऊक.
खाली लाल अंगठा.
आम्हाला तो अंगठा पुरला.

जात्याच्या फेऱ्यागणिक आई त्याला शाप द्यायची.
हात-पाय झडोत, भूक मरो, झोप न लागो.
वीस वर्षं हेच ऐकत मी शाळा संपवली, लग्न केलं,
मोडलं, परत आले.

मग एका डिसेंबरात बसमधून उतरून
एक बाई घाईघाईनं आली, एक वडी मागितली,
गरम आहे ना, विचारलं.
सुटून आलेल्याला तुरुंगाच्या दारातच टोफू देतात आमच्याकडे:
पांढरं खा, पांढरा हो, मागे फिरू नकोस.
आईनं कोणासाठी ते विचारलं नाही.
असं विचारायचं नसतं.
बाईनं सुटे पैसे मोजले
आणि जाताना दोनदा वाकून नमस्कार केला.
एकदा पुरला असता.

फेरखटल्यात निवृत्त हवालदार
एकोणीस वेळा म्हणाला, आठवत नाही.
मी मोजत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
न्यायाधीशांनी निकाल वाचला,
मग उठून उभे राहिले आणि मान झुकवली.
निर्दोष.
चांग-ग्यूनं वकीलबाईंकडे पाहिलं,
शब्द बरोबर ऐकला ना, अशा नजरेनं.

पायऱ्यांवर कॅमेरे होते. आईकडे स्टीलचा डबा.
रात्रभर बसून केला होता, मला न सांगता.
ती त्याच्यापुढे गेली, झाकण काढलं,
तोंडातून शब्द फुटेना.
त्याच्याही फुटेना, पण त्याची ती सवयच.
"मा... मावशी, मी खाल्लाय. तेव्हाच.
बहिणीनं आणला होता, नदीकाठच्या बाजारातून.
चां... चांगला होता."

आई हिशेब करते आहे ते मला दिसत होतं:
डिसेंबर, बस, दोन नमस्कार.
डबा तसाच हातात. वाफ संपली.

त्यानंतर सरकारी कार्यालयातून फोन आला.
आवाज तरुण होता, फार सभ्य होता.
गुन्ह्याची मुदत पंधरा वर्षं होती, ती केव्हाच टळली.
पुढे कायदा बदलला, खुनाला आता मुदत नाही,
पण तुमचं प्रकरण त्याआधीच संपलं होतं.
खरा माणूस उद्या स्वतःहून आला तरी
खटला उभा राहणार नाही.
आणखी काही शंका, असं त्यानं विचारलं.
मी म्हटलं, तिचा बूट.
त्यानं टिपून घेतलं. टिपल्याचा आवाज तरी आला.

आता आई मुकाट दळते.
शापाला नाव लागतं.
तो साठीचा असेल, सत्तरीचा असेल,
कदाचित गुरुवारी आमच्याकडूनच दोन वड्या नेत असेल,
सुनेला सांगत असेल की म्हातारीच्या हाताला चव आहे.
गिऱ्हाईक आत आलं की आई चेहरा बघत नाही.
त्याच्या पायांकडे बघते,
मग टोफू कापते,
सगळ्यांना सारखाच.